दोन कानांची दोन मापं

आमच्या घरात एकमेकांना हाक मारायची पद्धत नव्हती. मारून उपयोगच नव्हता. लकडगंजात लाकूड चिरणाऱ्या एका आरा मशीनच्या मागच्या भिंतीला टेकून आमची एक खोली होती. सकाळी नऊला पहिला ओंडका आऱ्याला लागला की संध्याकाळी सहापर्यंत भिंत, भांडी, दात, सगळं थरथरत राहायचं. भाकरी वाढली हे सांगायला आई माझ्या खांद्यावर बोटाने टोचायची. भुसा कणकेत यायचा, चहावर तरंगायचा, वहीच्या पानांत जाऊन बसायचा. माझं सगळं शिक्षण सकाळी नऊच्या आधी, संध्याकाळी सहाच्या नंतर आणि रविवारी झालं.

बाबा त्याच मशीनवर ओंडके लोटायचे. पारशिवनीकडच्या एका गावातून ते तरुणपणी इथे आले आणि पुढची वीस-बावीस वर्षं त्यांनी तेच केलं. त्यांच्या पगारात घर चालायचं का, तर नाही. आई शिलाई मशीनवर ब्लाउज शिवायची, मी शेजारच्या मुलांना गणित शिकवायची, तेव्हा कुठे महिना पार पडायचा.

पन्नाशी यायच्या आत बाबांना ऐकू येईनासं झालं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की गेलं ते गेलं. आरा सोडला तर उरलंय ते टिकेल, नाही तर दोन-तीन वर्षांत तेही जाईल. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर बरोबर बोलून राहिला. पण आरा सोडून खाऊ काय, भुसा?"

या प्रश्नाचं उत्तर मी होते. आईकडच्या आणि बाबांकडच्या दोन्ही घराण्यांत बीएस्सी झालेली मी पहिली. हे मी लाजत लिहीत नाही. आमच्यात पदवी ही फ्रेम करून लावायची वस्तू नव्हती, ती कामाला लागायची होती.

नोकरी मिळालीसुद्धा. परदेशातले डॉक्टर रोग्याला तपासून झालं की सगळं बोलून ठेवतात. ते कानाने ऐकायचं आणि बिनचूक टाइप करायचं. पायाखाली एक पॅडल असतं. दाबलं की आवाज पुढे जातो, सोडलं की थांबतो. आईने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "हे त माह्या शिलाई मशीनसारखंच हाय वं." कंपनीच्या शांत हॉलमध्ये तीन महिने शिकले आणि वर्गात पहिली आले. मग नियमाप्रमाणे घरी पाठवलं. पुढचे तीन महिने घरून काम, तेही दिवसाच्याच वेळेत, शेवटी एक दिवसाची परीक्षा, तीही घरूनच. पास झालं तर कायम, नाही तर रामराम.

घरी आल्यापासून माझ्या चुका वाढत गेल्या. कंपनीने दिलेला डोक्यावरून घ्यायचा मोठा हेडफोन उन्हाळ्यात घामाने चिकटायचा, चष्म्याची काडी कानामागे रुतायची, आणि आरा तर त्यातूनही आत यायचा. म्हणून मी बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरून कानात घालायचे साधे इयरफोन आणले आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. संध्याकाळी कानात शिट्टी वाजायची. माझ्या कामाची तपासणी करणाऱ्या मॅडमनी एक दिवस फोन केला आणि म्हणाल्या, "तू तीच मुलगी आहेस ना? मग हे काय चाललंय?" परीक्षेला सहा आठवडे उरले होते.

आणि त्याच आठवड्यात मी बाबांना कानाची मशीन लावून द्यायला रामदासपेठेत काकांच्या दुकानात घेऊन गेले.

कानाच्या मशीनपासून इयरफोनपर्यंत सगळं तिथे मिळायचं. दुकानाच्या पाटीवर काकांचं नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. सगळे काकाच म्हणायचे. एका पॅथॉलॉजीच्या वर, पहिल्या मजल्यावर, उभ्या जिन्याच्या टोकाला त्यांची दीड खोली होती. दारावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "आत ओरडू नये. ऐकू येत नाही म्हणूनच लोक आलेले आहेत." आत एक उंच, वाळलेला, साठीचा माणूस बसलेला असायचा. पांढरा शर्ट, खिशात छोटी बॅटरी. ते इतक्या हळू बोलायचे की ज्याला चांगलं ऐकू येतं तोही पुढे वाकायचा.

बाबा खुर्चीत बसले. मी फाइल पुढे केली. काकांनी फाइल घेतलीच नाही, ते माझ्याकडे पाहत राहिले. माझ्याकडे म्हणजे माझ्या कानाकडे.

"उजव्या कानातून तेल काहून गळून राहिलं वं?"

मला राग आला. "पेशंट माझे बाबा आहेत," मी म्हटलं.

"ते ऐकू येणं बंद झाल्यावर आले. तू बंद व्हायच्या आधी आली. जे वाचू शकते त्याचं आधी पाहाव लागते."

बाबांना यातलं काही ऐकू आलं नाही. पण काका माझा कान धरून बॅटरी मारताहेत हे पाहून ते खूश झाले. शाळेत कोणा मास्तरने पोरीचा कान धरला तर ते असेच खूश व्हायचे.

काकांना माणसं नावाने आठवत नसत. चेहऱ्यानेही नाही. कान दिसला की ओळख पटायची. दुकानात भिंतभर लाकडी खण होते. ज्यांच्या ज्यांच्या कानाचा साचा त्यांनी घेतला होता, तो गुलाबी रबरासारखा गोळा त्या खणांत पडून असे, आणि खणावर नाव नसून वर्णन असे. "आतून डावीकडे वळतो." "अरुंद, पण सरळ." "हसला की बंद होतो." एक बाई कित्येक वर्षांनी आल्या आणि म्हणाल्या, "ओळखलं का काका?" काका म्हणाले, "थोडं वळा." त्या वळल्या. "हां. नवरा तुमच्या डाव्या बाजूने झोपते. अजूनही तिकडूनच झोपते ना?" बाई लाल झाल्या आणि हसत सुटल्या. जवळ काही टेकलं की कानाची मशीन शिट्टी मारते, आणि त्यांच्या डाव्या कानातली रोज रात्री मारायची, अशी जुनी तक्रार होती म्हणे.

काकांचा स्वतःचा डावा कान पूर्ण गेलेला होता. तरुणपणी दिवाळीत कानाजवळ फटाका फुटला होता. त्याबद्दल ते एवढंच म्हणायचे, "मले अर्धंच समजते. उरलेलं तुम्ही सांगा." म्हणून ते गिऱ्हाइकाला इतके प्रश्न विचारायचे. कुठे दुखते? आत की कडेला? चावताना की बोलताना? लोक वैतागायचे. कानाच्या वस्तू घ्यायला आलेल्या माणसाला वाटतं दोन मिनिटांत पिशवी हातात पडेल. काका अर्धा तास फुटाणे खायला लावायचे.

फुटाण्यांचा डबा टेबलावरच असे. कानात काहीही घातलं, मशीन असो की गाण्याचा इयरफोन, की काका एक मूठ फुटाणे देणार. "चावा." माणूस चावायचा. "जबडा हलला की कानाची नळी हलते. उगीच बसलेल्या माणसाच्या कानात कोणतीही गोष्ट बसते. खाताना बसली तर खरी." मग जिना. "खाली जा, वर या." माणूस जिना उतरायचा, चढायचा. काका वर उभे राहून विचारायचे, "पावलं ऐकू आली की गाणं?" पावलं म्हणणारा नापास. म्हणजे माणूस नव्हे, इयरफोन नापास.

आणि मिक्सर. बाहेरचा आवाज किती अडतो हे पाहायला त्यांनी दुकानात मिक्सर ठेवला होता. रिकामा चालवला तर जळतो, म्हणून त्यात चण्याची डाळ टाकायचे. दिवसातून पाच-सहा गिऱ्हाइकं झाली की बेसन तयार. खालचा पॅथॉलॉजीवाला भांडायला वर यायचा आणि बेसनाची पुडी घेऊन खाली जायचा.

एकदा माझ्यासमोर एक मुलगा आला. घरचा सुखवस्तू, हातात महागड्या इयरफोनचा नवा डबा. "अंकल, कान में दर्द होता है, बाकी तो एकदम मस्त है." काकांनी त्याला फुटाणे दिले. त्याने खाल्ले. जिना उतरवला, चढवला. मग म्हणाले, "बेटा, ही चीज चांगली हाय. तुह्या कानासाठी नाही. हिची नळी जाड, तुह्यं भोक बारीक." मुलगा म्हणाला, "लेकिन रिव्ह्यू में तो सब बोले..." काका म्हणाले, "त्यायले म्हण, तुह्या कानानं ऐकून पाहा." मुलगा तडकून गेला. काकांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "कानाची पाळी पाहिली त्याची? खालून सुटी. असे कान इयरफोन छान धरतात."

आता माझी गोष्ट. पहिल्या दिवशी काका मला म्हणाले, "घरी जसं घालते, तसं घालून दाखव." मी पर्समधून बर्डीचे इयरफोन काढले. मग एक छोटी डबी काढली. झाकण उघडलं, बोटावर खोबरेल घेतलं आणि रबराच्या टोकाला लावलं.

काका खुर्चीतून उठले. "हे काय करून राहिली?"

"तेल लावते आहे."

"काहून?"

मला प्रश्नच कळला नाही. काहून म्हणजे काय? आमच्या भागात आऱ्याजवळ राहणारा प्रत्येक माणूस कानात तेलाचा बोळा घालतो. बाबा घालायचे, आई घालायची, मी पाळण्यात होते तेव्हापासून माझ्याही कानात होता. कानात काही घालायचं तर तेल लावूनच घालायचं, हे मला आंघोळीइतकं साधं वाटत होतं. आणि इयरफोन सारखे बाहेर सरकत होते, म्हणून मी आणखी तेल लावायची, म्हणजे आत जातील.

काका हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून डबी काढून घेतली आणि झाकण लावलं. मग अगदी हळू म्हणाले, "कोरड्या चामड्याले रबर धरते, बाई. तेलावर घसरते. घसरलं की फट पडते. फटीतून आरा आत येते. आरा आला की तू आवाज वाढवते. तुह्या बापाचा कान आऱ्यानं खाल्ला. तुह्या कानाले तू स्वतःच खाऊन राहिली."

मी बाबांकडे पाहिलं. ते खणांतले गुलाबी गोळे बघत बसले होते. मला रडू आलं. रडणं आपल्याला आवडत नाही, म्हणून मी चष्मा पुसला.

"आता घेऊ का दुसरे?" मी विचारलं.

"आता काहीच नाही घ्यायचं. आधी कानाच्या डॉक्टरकडे जा, मळ काढून घे. आठ दिवस कोरडे ठेव. तेवढे दिवस तो मोठा हेडफोन वापर, आवाज अर्ध्यावर. चुका होऊ दे."

"सहा आठवड्यांनी परीक्षा आहे काका. नोकरी जाईल."

"कान गेला तर कोणत्या नोकरीत जाशील? तुह्यं काम कानाचंच हाय ना?"

बाबांची तपासणी नंतर झाली. त्यांच्यासाठी मशीनचं माप घेतलं, पण मशीन द्यायला काकांनी नकार दिला. बाबांना खुणा करून, तोंडासमोर बोट नाचवून त्यांनी सांगितलं, "ही लावून आऱ्यावर गेले तर आरा अजून मोठा ऐकू येईल. काम सुटलं की या." बाबांना ते समजलं. जिना उतरताना ते मला म्हणाले, "माणूस येडा हाय. पण खोटा नाही."

आठ दिवसांनी मी गेले तेव्हा कान स्वच्छ होते आणि मला पॅथॉलॉजीतला पंखा खालून ऐकू येत होता. मग खरी निवड सुरू झाली. काकांनी टेबलावर सहा-सात जोड ठेवले. कंपनीचं नाव दिसू नये म्हणून प्रत्येकावर कागदाची पट्टी चिकटवली होती. "नाव वाचलं की कान ऐकणं सोडते," ते म्हणाले. रबराच्या टोकांना ते टोपडी म्हणायचे, लहान बाळाच्या टोपड्यासारखी. वाटीभर टोपडी होती, मोठी, मधली, बारीक, आणि काही फोमची, चिमटीत दाबली की बारीक होणारी.

त्या वाटीतून मला जन्मात पहिल्यांदा कळलं की माझे दोन कान वेगळे आहेत. डावीकडे मधलं टोपडं बसलं. उजवीकडे तेच घातलं तर पंधरा मिनिटांत ठणकायला लागलं. मी म्हटलं, मग दोन्हीकडे बारीक घालू. "काहून? दोन्ही पायात एकाच पायाची चप्पल घालते काय?" शेवटी डावीकडे रबराचं मधलं आणि उजवीकडे फोमचं बारीक. त्याच दिवशी त्यांनी माझ्या कानाचा गुलाबी साचाही घेऊन एका खणात ठेवला. फोमचं घालायची रीतही त्यांनीच शिकवली. दुसरा हात डोक्यावरून आणायचा, कान वर आणि मागे ओढायचा, दाबलेलं टोपडं आत सोडायचं आणि ते फुलेपर्यंत बोटाने धरून ठेवायचं. तीस आकडे मोजायचे, घाई करायची नाही. फुलताना बाहेरचं जग हळूहळू लांब जातं. त्यांनी मिक्सर चालू केला. डाळ गरगर फिरताना दिसली आणि आवाज मात्र कोणा शेजाऱ्याच्या घरातून आल्यासारखा.

एक उपाय मी स्वतः सुचवला होता. बॅटरीवर चालून बाहेरचा आवाज पुसणारे इयरफोन हल्ली मिळतात, ते का नकोत? काका म्हणाले, "ते कूलरसाठी, विमानासाठी ठीक. एकसारखी घरघर ते पुसतात. आरा घरघरत नाही, किंचाळते. अन् तुह्या कंपनीले वायरच पाह्यजे ना?" खरं होतं, वायर नसली की पॅडल दाबल्यावर आवाज उशिरा यायचा.

वायरची कटकट सगळ्यात शेवटी सुटली. चार जोड टोपड्यांनी बरोबर बसले, पण वायर कपड्याला घासली की कानात खर्र खर्र. काका वायरीवर नखाने टिचकी मारायचे आणि माझा चेहरा पाहायचे. चेहरा आक्रसला की जोड बाजूला. एक मऊ, पातळ वायरीचा जोड टिचकीला गप्प राहिला. जिन्यावरही गप्प राहिला. तोच घेऊन मी आनंदाने घरी आले, पॅडलवर पाय ठेवला आणि पुन्हा खर्र.

दुसऱ्या दिवशी परत गेले. काकांनी मला खुर्चीत बसवलं, टेबलाखाली एक पाट ठेवला. "पॅडल समज. चालव." मी पाट दाबत राहिले. ते चारी बाजूंनी फिरून पाहत होते. मग माझ्या ओढणीचं टोक त्यांनी दोन बोटांत धरलं. "खळ घातली हाय?" आई सुती ओढणीला खळ घालायची, कडक इस्त्री करायची. कंपनीची मुलगी म्हणून. पाय हलला की खांदा हलायचा, खांदा हलला की कडक ओढणी वायरीवर कानसीसारखी चालायची. काकांनी वायर कानावरून मागे वळवली, पाठीवरून खाली सोडली आणि माझ्याच केसांची एक क्लिप काढून कॉलरला अडकवली. पाट दाबला. शांत. इतकं शांत की मला माझा श्वास ऐकू आला.

"पण माझा मिक्सर म्हणजे आरा नाही," काका अचानक म्हणाले. "खरा आरा ऐकाव लागते."

आणि ते खरोखर आले. मंगळवारी दुपारी, स्कूटरवर, हातात आवाज मोजायची एक छोटी पेटी घेऊन. मशीनच्या फाटकाशी उभे राहिले, डोळे मिटले आणि उजवा कान आऱ्याकडे केला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पेटीवर पाहायचे, वहीत काही लिहायचे, पुन्हा डोळे मिटायचे. मशीनच्या मालकाने, आमच्या शेठनी, ऑफिसातून हे पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. पांढरा शर्ट, यंत्र, वही, म्हणजे सरकारी तपासणीच. त्यांनी हात वर केला आणि मशीन बंद झाली. भर दुपारी लकडगंजात अशी शांतता पसरली की आई घाबरून बाहेर आली.

"साहेब, उन्हात काहून उभे? आत बसा ना. चाय मंगवतो," शेठ हात जोडून म्हणाले.

काका चिडले. "बंद काहून केली? मले आवाजच पाह्यजे. चालू करा."

"नाही साहेब, आप बोलो तर आठ दिवस बंद ठेवतो."

काकांनी शेठकडे नीट पाहिलं. म्हणजे त्यांच्या कानाकडे पाहिलं. मग आऱ्यावरच्या सहाही माणसांना बोलावलं. एकेकाच्या कानातून तेलाचा बोळा ओढून काढला आणि शेठच्या टेबलावर ओळीने मांडला. बारा बोळे. "यानं काही होत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "कानावर घालायच्या जाड वाट्या मिळतात, त्या आणा. सहा माणसं, सहा जोड." शेठ म्हणाले, "उद्याच आणतो साहेब." आणि आणल्या, खरंच आणल्या. मागून मी काकांना विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही की तुम्ही साहेब नाही? ते म्हणाले, "मी साहेब हाय असं म्हटलंच नाही. त्यानं बनवलं. मी कायले उतरू?"

त्या दिवशी मशीन पुन्हा सुरू झाल्यावर ते आमच्या खोलीत बसले. माझ्या कानात टोपडी, त्यांच्या पेटीवर आकडे. बराच वेळ त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवरचा आवाज वर-खाली केला. मग एका ठिकाणी थांबले आणि आईची टिकली घेऊन पडद्याच्या कडेला चिकटवली, आवाजाच्या रेषेसमोर. "याच्या वर नाही. डॉक्टर पुटपुटला तरी नाही. समजलं नाही तर परत ऐक, मोठ्यानं नको ऐकू." आईने त्यांना पोहे दिले. पोहे खाताना ते आईच्या कानांकडे एकटक पाहत होते, आणि आईला वाटलं त्यांना तिच्या कुड्या आवडल्या.

परीक्षेचा दिवस उजाडला. दहा फाइली, सकाळी दहा ते पाच. बाबा कामावर होते, कानावर वाट्या लावून. पहिल्या सात फाइली सरळ गेल्या. आरा होता, पण भिंतीपलीकडे, जिथे तो असायला हवा तिथेच. आठव्या फाइलीतला डॉक्टर जेवता जेवता बोलत होता. त्याच वेळी उजव्या कानात घाम आला, टोपडं सुटलं आणि आरा थेट मेंदूत शिरला. माझा हात माउसकडे गेला. थोडं वाढवलं तर काय होतं? एकच फाइल. टिकलीच्या वर बोटभर.

आई दाराशी बसून माझाच चेहरा बघत होती. तिने काय समजायचं ते समजलं आणि धावत जाऊन तेलाची वाटी घेऊन आली. बोटावर तेल घेऊन माझ्या कानाकडे हात आणला. मी तिचा हात धरला आणि मान हलवली. तिचा चेहरा पडला. तिच्या जन्माच्या मायेला मी नाही म्हणत होते. पण समजावायला वेळ नव्हता, आणि समजावलेलं तिला ऐकूही गेलं नसतं.

मी टोपडं काढलं. तिच्याच पदराने ते पुसलं, कान पुसला. हात डोक्यावरून आणला, कान वर-मागे ओढला, टोपडं आत सोडलं आणि धरून ठेवलं. घड्याळ पडद्यावर पळत होतं. एक, दोन, तीन. तीसपर्यंत मोजणं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. पंचविसाच्या पुढे आरा लांब गेला. अठ्ठाविसाला डॉक्टरचा घास चावल्याचा आवाज आला. तिसाला त्याचा शब्द. मी पॅडल दाबलं, तीच ओळ तीनदा ऐकली, मोठ्याने नाही, आणि टाइप केली. पाचला सहा मिनिटं कमी असताना दहावी फाइल पाठवली आणि दोन्ही टोपडी काढून टेबलावर ठेवली. कान दुखत नव्हते. शिट्टी वाजत नव्हती. मी हुश्श म्हणून तिथेच जमिनीवर आडवी झाले, आणि आईने तेलाची वाटी माझ्या केसांत रिकामी केली.

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, "आता ओळखलं तुला."

काकांना सांगायला मी पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढा घेतला नाही, आधी बॅटरी घेतली. उजवा कान पाहिला, डावा पाहिला. "लाल नाही. सूज नाही," ते म्हणाले. मग पेढा तोंडात टाकला. मी म्हटलं, "काका, मी पास झाले." ते म्हणाले, "तेच त सांगून राहिलो ना."

आता त्यांचं दुकान तिथे नाही. ते मुलीकडे राहायला गेले, आणि जाण्याआधी माझ्या कानाचा साचा मला देऊन गेले. त्याच्या खणावरची चिठ्ठीही दिली. तिच्यावर लिहिलं होतं, "उजवा अरुंद. ऐकते."

मी त्या कंपनीत कायम झाले. काका अजून दुकानात होते तेव्हाच, पहिल्या तीन पगारांनंतर, बाबांनी आरा सोडला. काकांनी दिलेली मशीन लावून ते आता नव्या घरासमोरच्या, रस्त्यापलीकडच्या दुकानात हिशेबाला नव्हे, गप्पा मारायला बसतात. माझ्या कानांची तपासणी दरवर्षी होते आणि दोन्ही चांगले आहेत. आम्ही लकडगंजातली खोली सोडली.